आधी वाक्य नीट कर

आज गुरुग्रामच्या ऑफिसात रिपोर्ट तपासताना प्रत्येक पानावर ‘फाइंडिंग्ज’ दिसून मी वैतागले. पर्यायी शब्दांची यादी करायला घेतली आणि सवयीने शेवटी मराठीत लिहिलं: शोध. तिथेच अडकले.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली दुपार आठवली. कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास, खाटेवर पेपर वाचणारे बाबा. मी तिसरीत होते. मागच्या कडुलिंबाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी तोंड लिंपून आत बसली होती आणि नर बाहेरून फटीतून तिला फळं भरवत होता. ते पाहून मी धावत घरात आले.

“बाबा, चलो ना, मैंने एक खोज की है!”

“घरात मराठी,” बाबा पेपरामागून म्हणाले.

“मी एक खोज केली.”

“खोज हिंदीत. आपल्याकडे शोध.”

“मी शोध केला. चला ना!”

“शोध लावतात. आणि नुसतं दिसलं असेल, तर दिसलं म्हणावं. आधी वाक्य नीट कर.”

“अहो, जा की तिच्याबरोबर!” आई आतून ओरडली.

वाक्य नीट झालं तेव्हा मी रडत होते. आम्ही बाहेर गेलो, तर नर उडून गेला होता. “कुठे काय आहे?” बाबा म्हणाले आणि आत वळले.

आज माझं मराठी चोख आहे. बाबाही आहेत, मयूर विहारला; हल्ली माझं सगळं ऐकून घेतात. पण ती क्वार्टर्स पाडली, झाडही गेलं. आता दाखवू काय?