आप्पांनी लिहवून घेतलेली तातडी

‘तातडीचे काम’ असा हुकूम आला की दगडूआप्पा हातातला झाडू भिंतीला टेकवून शांतपणे विचारत, “कोन मरी ऱ्हायना?” कोणी मरत नसेल तर म्हणत, “मंग उद्या करसूत.”

महायुद्धाच्या त्या वर्षांत मी नगरपालिकेत कारकून होतो आणि आप्पा सफाई कामगारांचे मुकादम. तातडीच्या नावाखाली त्यांच्या माणसांना वाटेल तिथे जुंपत. एकदा साहेबांच्या शिकारीसाठी तंबू ठोकायला त्यांना तोरणमाळला नेले. तीन दिवस धड झोप नाही. उतरताना झिपरू नावाचा कामगार घाटात पेंगुळला, घसरला आणि जन्माचा लंगडा झाला. दुसऱ्या दिवशी कोणीच झाडू उचलला नाही.

चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या अध्यक्षांनी आप्पांना बोलावले. अध्यक्ष ओट्यावर खुर्चीत, आप्पा आणि त्यांचे सोबती ओट्याखाली. लिहायला मी.

“सायेबना तंबू ही तातडी नही,” आप्पा म्हणाले. “पटकी, पूर, आग. इतलंच लिखा, भाऊसाहेब.”

तातडीचे काम एकाला फार तर सलग दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाळीपाळीने विश्रांती, आणि त्या दिवशी त्या माणसाला हुकूम करायचा नाही, अशी त्यांची मागणी होती.

“आणि नेमकं तेव्हाच संकट आलं तर?” अध्यक्षांनी विचारले.

“मंग दुसरा मानूस येई. पाळी कसाले शे?”

दुपारपर्यंत घासाघीस चालली. शेवटी अध्यक्षांनी सही केली, आप्पांनी अंगठा उठवला.

पुढच्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आमच्या गल्लीत दोघे गेले, आणि माझी बायको अंथरुणाला खिळली. गल्लीची विहीर उपसून गाळ काढायला हवा होता. मी धावत कामगारवस्तीत गेलो. निंबाखाली सहाजण झोपलेले, आप्पा शेजारी बसलेले. बाकीचे दुसऱ्या विहिरींवर होते.

“यांना उठवा,” मी म्हणालो.

“नही. आज त्यास्नी सुटी शे.”

माझा तोल गेला. “कागदासाठी माणसं मारणार तुम्ही?”

आप्पा रागावले नाहीत. “थकेल मानूस विहिरमा उतरना ते तो मरी. मंग तुम्हनी विहीर कोन उपसी?”

आवाजाने एकजण उठून बसला. आप्पांनी त्याला खांद्याला धरून पुन्हा झोपवले आणि स्वतः दोर उचलला. त्यांचीही त्या दिवशी सुटीच होती. मी तसे म्हणालो.

“हुकूम कोठे शे? मी मन्हा मनथीन ई ऱ्हायनू. रातले भरपूर झोपनू.”

एरवी त्या विहिरीच्या कट्ट्याला त्यांना हात लावू देत नसत. त्या दिवशी साठीला टेकलेले आप्पा कमरेला दोर बांधून तिच्या तळाशी उतरले. दुसऱ्या विहिरीवरून मोकळे झालेले दोघे मदतीला आले. दिवस मावळायच्या आत गाळ निघाला आणि विहिरीत जंतू मारणारे लाल औषध पडले.

त्यानंतर गल्लीत कोणी गेले नाही. बायको महिनाभराने उठून बसली. आधीच्या साथीत आप्पांची तीन माणसे गेली होती. या वेळी एकही नाही. ज्या कागदावरून मी त्यांच्यावर ओरडलो, त्यानेच आप्पांची माणसे तगली, हे मला फार उशिरा उमजले.

माफी मागायला मी गेलो, तेव्हा बायकोही हट्टाने आली. सोवळ्यात वाढलेली ती. कामगारवस्तीत कधी पाऊल टाकले नव्हते. आप्पांनी घोंगडी अंथरली. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “आप्पा, तहान लागली आहे. पाणी देता?”

 आप्पांनी तांब्या दोनदा घासला, माठातून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. ती सगळे पाणी प्यायली.