मला ते शनिवार नको होते

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण समजून घ्या, असं म्हणणार नाही.

पीएच.डी.साठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. नागपूर आणि बंगळूर. दोन्हीकडे संगणकीय भौतिकी, दोन्हीकडे माझ्या आवडीचंच काम — धान्याची रास कुठून नि कशी ढासळते, हे संगणकावर मांडून पाहायचं. नागपूरचे सर तर फोनवर म्हणाले, "कधी येताय?" बंगळूरचा गट मोठा, संगणक ताकदीचे — खरं आहे. पण मी तेवढ्यासाठी बंगळूर निवडलं का? नाही.

आमचं घर दारव्ह्याला. त्या उन्हाळ्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिला उठवायचं, धुवायचं, भरवायचं — मी आणि धाकटी बहीण मंगला मिळून करायचो. नागपूरला गेले असते तर दर शनिवारी एसटीनं घरी यावं लागलं असतं. नसते आले तर गल्लीनं विचारलं असतं, काहून नाही आली? मला ते शनिवार नको होते. आईच्या अंथरुणाचा तो वास नको होता. — लिहिलं एकदाचं.

म्हणून घरी सांगितलं, नागपूरवाल्यांनी घेतलं नाही.

मंगला चिडली — माझ्या बाजूनं! "त्याइले अक्कल नाही, ताई. तू जाय बंगळूरले. आईले मी पाहीन." तिचं पुसदला बी.एड.ला नाव लागलं होतं, होस्टेलही ठरलं होतं. मी नागपूर धरलं असतं तर आठवडाभर बाबा नि एखादी बाई, सुटीला आम्ही — ओढाताण करत का होईना, दोघींचं निभलं असतं. मला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. ती पुसदला गेली नाही. मी बॅग भरली.

तिसऱ्या वर्षी आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मंगला गळ्यात पडून म्हणाली, "नागपूरवाल्याइनं घेतलं असतं ना, तं आईची न् तुही भेट झाली असती." मी मान हलवली.

बंगळूरला मी सुखात होते. मनाला टोचणी लागली, झोप उडाली — असलं काही झालं नाही. प्रबंध चांगला झाला. आजही निवडायला सांगा, बंगळूरच निवडीन. मी मुलगा असते तर हे कोणी विचारलं तरी असतं का? — पण ही पळवाट झाली. मंगलानं मला कधी अडवलं होतं? खरं सांगितलं असतं तर ती भांडली असती. मग "जाय" म्हणाली असती, नाहीतर "नाही" म्हणाली असती. ते 'नाही' म्हणायची संधीच मी तिला दिली नाही. गेल्याचं मला काही वाटत नाही. याचं वाटतं.

मंगला आता दारव्ह्यातच शिकवण्या घेते. येत्या रविवारी जाऊन तिला समोर बसवून सांगणार आहे. ती माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.