आईच्या हातची काच

परवा कसबा पेठेत कासाराकडे लेकीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा भरत होते. काच किणकिणली आणि मला आईचे रिकामे हात आठवले.

सत्तरीतल्या आईनं जेवणखाण, बोलणं सगळंच सोडलं होतं, म्हणून तिला हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात दाखल करत होतो. तिथे काच चालत नाही. सिस्टरनं साबण लावून तिच्या बांगड्या अलगद उतरवल्या. आई मनगटांकडे बघत राहिली आणि कितीतरी दिवसांनी बोलली, "हे कधी गेले?"

बाबा शेजारीच उभे होते. "अगं, मी आहे की इथे!"

तिनं त्यांना ओळखलंच नाही. पदर सावरून, समाचाराला आलेल्या परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "बसा ना. मला कुणी कळवलंसुद्धा नाही हो."

एरवी फटकळ असलेले बाबा निमूट बसले. "कसे होते ते?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला त्यांचा रागच आला. हे कसलं नाटक! आज वाटतं, तिच्याजवळ बसायला त्यांना तेवढीच एक जागा उरली होती.

"तोंडानं तिखट," आई म्हणाली. "पण मला एकटीला टाकून कधी कुठे गेले नाहीत."

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "चला, नातेवाइकांनी निघा आता."

बाबांना काही केल्या उठवेना.