ठरल्या भावाला विकलं
घोड्याच्या लिदीचा वास आला की माथेरानच्या तबेल्यातली ती दुपार आठवते. नवऱ्याला दुसरा घोडा घ्यायचा म्हणून साठवलेल्यातले थोडे पैसे मी बिटकॉइनमध्ये घातले होते. भाव दहा टक्के पडला की विकायचं, हे आधीच ठरवलं होतं. त्या दुपारी तो तेवढा पडला. दीर म्हणाला, "वैनी, इकू नका. उलट हाय तो घोडा इकून आणखी घाला!" मी त्याच्यादेखत सगळं विकलं. आठवड्याभरात भाव पुन्हा चढला आणि अख्खा तबेला मला हसला. "घाबरलात तुमी," दीर म्हणाला. "घाबरले नाय रं, ठरवलेलं केलं." नफा हुकला, याची हळहळ अजून वाटते, पण उद्या तशीच वेळ आली, तरी मी विकणारच.