वा म्हणजे ये

मामा गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्यात चहाच्या गाड्यावर उभी होते. आष्ट्याला उसाला पाणी पाजून तो घरी आला, पायरीवर बसला, मामीला म्हणाला, "जरा टेकतो"... एवढंच. रडू येण्याआधी माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लपवायचं नाही. मनात आलं, की मामाचा माझ्यावरचा राग आता कायमचा राहिला. चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मधल्या काळात तो श्रीलंकेला जाऊन आला होता, आणि तिथं काय झालं हे मी विचारलंही नव्हतं.

बापूमामा आईचा धाकटा भाऊ. फौजेतून हवालदार होऊन परतला आणि शेतीत रमला. आमच्या घरी मात्र वडील पत्रकं काढायचे. पाण्याच्या वाटपाचं, निवडणुकीचं, शाळेच्या गळक्या छपराचं. गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरभर असत आणि मी त्यांच्यावरच अक्षरं गिरवली. मामा हसायचा. "ही पोरगी भाकर मागंल तरी 'आमची मागणी' म्हणून मागंल!" माझ्या लिखाणातली उद्गारचिन्हं त्याला खुंटांसारखी दिसायची. "एक वाक्य, एक खुंट. मेंढरं बांधायची हायत व्हय गं?"

गेल्या हिवाळ्यात मामीनं श्रीलंकेतली अशोकवाटिका बघायचा हट्ट धरला. टूरवाल्यांची जाहिरात बघूनच. मामा कधी नव्हे तो लगेच तयार झाला, पण त्यानं वर जाफन्याचे दोन दिवस वाढवून घेतले. तरुणपणी, भारतानं तिथं शांतिसेना पाठवली तेव्हा, तो फौजेबरोबर तिकडे होता. त्याबद्दल घरात तो अक्षरही बोलायचा नाही. मला मात्र म्हणाला, "तवा नकाशा हातात हुता, रस्तं समदं पाठ. पर त्या मान्सांचं काय दुखतंय, कोण कुनाशी कशापायी भांडतंय, कायसुदीक ठावं न्हवतं. ह्या वक्ती वाचून जानार. तू लिहून दे."

मला आणखी काय हवं होतं! मिळतील ती पुस्तकं धुंडाळून मी चाळीस पानं लिहिली. चहाच्या मळ्यांवर राबायला नेलेले मजूर, कायद्यानं सिंहलीपुढे दुय्यम ठरवलेली तमिळ भाषा, जाफन्यातलं जाळलेलं ग्रंथालय, दिलेली आणि मोडलेली वचनं. शेवटच्या पानावर, वसतिगृहातल्या एका तमिळ मैत्रिणीला विचारून, रोजच्या वापरातले शब्द. मामा दुपारी जेवल्यावर पायरीवर बसून पेन्सिल हातात धरून ती पानं वाचायचा. फोन यायचा. "एकाच बेटावर ऱ्हाऊन एकमेकांची भाषा येत न्हाई, म्हंजे काय गं?"

"मामा, तुला तरी कन्नड येते का? इथून कर्नाटक किती लांब आहे?"

"येती की. शिव्या."

शेवटच्या पानापाशी तो पोचला त्या दिवशी मी आष्ट्यातच होते. 'वणक्कम – नमस्कार. तण्णी – पाणी. वा – ये. वांग – या (मान देऊन).' तो वाचता वाचता थांबला. चष्मा काढला.

"वा म्हंजे... ये?"

"हो. का?"

मग त्यानं सांगितलं. उन्हाचा रखरखाट, खांद्याला बंदूक, आणि एका दारात उभी असलेली म्हातारी. हात हलवत ती त्याला म्हणाली, वा, वा. "मला वाटलं, टोमना मारतीया. वा रं गड्या, वा! आलास आमच्या दारात! माजं डोस्कं फिरलं. तिचा पान्याचा घडा पायानं लवंडला आन् निघून आलो... ती 'ये' म्हनत हुती गं. पानी प्यायला ये."

त्या क्षणी मी त्याच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं. मी पत्रक झाले. भाषा न शिकता दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याला इतिहासात काय म्हणतात ते मी त्याला ऐकवलं. "आणि आता तिथंच फोटो काढायला जाणार?" मामानं पानांची घडी घातली. "जे म्हनायचं ते म्हन. घडा मी लवंडलाय, इतिहासानं न्हाई. मी जात न्हाई जा." मामीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती घेऊन मी साताऱ्याला परतले. माझं तत्त्व चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. माणूस चुकला होता. ते वाक्य त्याला ऐकवायचं नव्हतं.

तो अखेर श्रीलंकेला गेला, हे आईकडून कळलं. तरीही फोन करायचं माझं धाडस झालं नाही.

तेराव्यानंतर मामीनं मला आतल्या खोलीत नेलं. जाफन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी, तिनं सांगितलं, दोघं एका गल्लीतून चालले होते. एका फाटकाशी मामा उभाच राहिला. अंगण झाडणारी बाई बघत राहिली, मग हात हलवून काहीतरी म्हणाली. "मला ऐकू आलं वांगो, वांगो. मी म्हनलं, आवं, वांगी इकतीया का काय ही? तर हे हसलं. म्हनलं, 'या' म्हनतीया. तवाची म्हातारी 'ये' म्हनली हुती. आता केस पांढरं झालं, मान वाढला."

"मग?"

"मी म्हनलं, चला की मग, बोलावतीया. तर म्हनत्यात, ठावं हाय. लय वर्सं झाली बोलावतीया." मामी पदरानं डोळे पुसत हसली. "आत गेलो. तांब्याभर पानी प्याले. परत येताना एवढं हलकं चालत हुते, लग्नात चालले न्हवते तसं."

"मामी, माझ्यावर राग..."

"कागद बघ आन् तूच सांग."

फौजेतली काळी ट्रंक तिनं उघडली. माझी चाळीस पानं इस्त्रीच्या शर्टांवर नीट ठेवलेली होती. पानोपानी त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. माझे खुंट त्यानं एकेक करून उपटले होते, प्रत्येक ठिकाणी शांत पूर्णविराम दिला होता. मला तिथंच हसू फुटलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मग शेवटचं पान काढलं. 'वा – ये.' त्याच्यापुढे हवालदाराच्या ठसठशीत अक्षरात त्यानं उत्तर लिहिलं होतं, 'आलो', आणि त्यापुढे, पेन्सिल दाबून ठोकलेला, एक खुंट.