मोडलेले शेंडे

समजा, जूनचं ऊन आहे आणि तुम्हाला गवताळ टेकडीवर रानकंद खणायचा आहे. लवदार पानं आणि निळसर फूल दिसलं की टोक जाळून कडक केलेली काठी शेजारी रोवा, अंगाचा भार टाका. कंद निघाला की मातीचे आभार म्हणून खड्ड्यात चिमूटभर तंबाखू ठेवा, माती लोटा. बारकी रोपं सोडा. आणि शेंडाच मोडून वाऱ्यानं उडाला असेल तर घरी जा. खूण गेली की खाली कंद असला तरी तो तुम्हाला सापडायचा नाही.

माझ्या बर्नाडेट मावशीला हे तिच्या आईनं शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात तिची आई अंथरुणाला खिळली आणि सुक्या मांसातला रानकंदाचा रस्सा तेवढा मागत राहिली. मावशी टेकडीवर गेली, तर दक्षिण उतारावर नुसते उघडे खड्डे. शहरातल्या जडीबुटीवाल्या ड्वेननं बारक्या कंदांसकट सगळं उपसून नेलं होतं. उत्तर उतारावरची रोपं तेव्हा फुलायची होती, गवतात ओळखू येत नव्हती. चौथ्या दिवशी आई गेली, रस्सा न चाखता.

यंदा ड्वेन पेट्रोल पंपावर भेटला. "बाई, शनिवारी येतोय. उत्तरेची बाजू राहिलीय."

"ये की," मावशी म्हणाली. "पाणी जास्त आण. घसा कोरडा पडेल."

शुक्रवारी मावशीनं आणि मी उत्तर उतारावरचा एकेक शेंडा जमिनीलगत मोडून वाऱ्यावर सोडला.

"मावशी, यंदा बी पडणार नाही. आपल्यालाही खायला नाही."

"नसू दे. कंद पुढच्या वर्षी फुटतील. आईला मिळाला नाही, तो त्याला मिळणार नाही."

शनिवारी आम्ही गाडीत बसून तळलेली रोटी खात होतो. ड्वेन दुपारपर्यंत खणत राहिला. हाताला फोड आले, पोतं रिकामंच. मावशी सावकाश त्याच्यापाशी गेली.

"लागलं काही?"

"हे तूच केलंस."

"मी कशाला? इकडचा वारा फार चोरटा. तुझ्यासारखाच."

त्यानं फावडं ट्रकमध्ये फेकलं. "मला चोर म्हणतेस? ही टेकडी मला तुमच्याच घरातल्या माणसानं दाखवली. त्याला विचार जाऊन." आणि ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

मावशीचं हसू तिथंच थांबलं. तेव्हापासून घरात कुणीही जेवायला बसलं, की ताट हातात धरून ती आधी एवढंच विचारते. मलाही विचारते.

"त्याला टेकडी कुणी दाखवली?"