साडूभाऊंचा विरळ वस्तीचा तालुका

पृथ्वीवर माणसं फार झाली आहेत आणि त्यातली निम्मी नेमकी आपल्याच मागे लागली आहेत, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही दोघंही शारजात, मध्ये दोन गल्ल्या. साडूभाऊ हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. येत्या डिसेंबरात त्यांना साठ पुरी होतील, नोकरी संपेल आणि नोकरीबरोबर व्हिसाही. त्याआधी महाराष्ट्रात जिथं कुणी राहत नाही असा तालुका शोधायचा, जमीन घ्यायची, भाजी पिकवायची, कोंबड्या पाळायच्या आणि मरेपर्यंत कुणाचं तोंड बघायचं नाही, हा त्यांचा बेत. नऊ वर्षं तो ऐकून माझे कान किटलेत.

पण त्यांना दोष तरी काय द्यायचा? इथं आल्यावर पहिली सात वर्षं त्यांनी दुबईत अल क्वोजच्या कामगार कॅम्पात काढली, एका खोलीत दहा जण. "वरच्या बंकवरचा घोरायचा, समोरचा घरच्या आठवणीनं रडायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून रिकाम्या माळाचा विचार करायचो," असं ते सांगतात. पुढं फ्लॅट मिळाला, ताई आल्या, मुलगा मोठा होऊन कॅनडाला गेला, तरी तो माळ काही डोक्यातून गेला नाही.

कारखान्यात पाइप तपासायचा छापील तक्ता असतो. तसाच एक त्यांनी तालुक्यांसाठी बनवला. वस्ती, पाणी, माती, रस्ता आणि शेवटी 'उपद्रव'. या रकान्यात लाऊडस्पीकर, माकडं आणि नातेवाईक हे तिन्ही एकत्र येत. दरवर्षी सुट्टीत ते दोन-तीन तालुके पालथे घालायचे आणि परत येऊन निकाल सांगायचे. एक तालुका बाद झाला, कारण पहिल्याच माणसानं "कुठले तुम्ही?" विचारलं आणि दुसऱ्यानं "गल्फमधून काय आणलंत?" विचारलं. दुसरीकडे सगळं उत्तम होतं, पण शेजारच्या चुलीचा धूर दिसत होता. "दिसतोय म्हणजे माणूस आहे. खलास. रिजेक्ट."

सराव तर विचारूच नका. बाल्कनीत मेथी लावली, ती वाळली. मग कोंबडी आणली. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचा वॉचमन दारात. "साब, मुर्गी मना है." साडूभाऊंनी त्याला स्वावलंबनावर अर्धा तास हिंदीतून व्याख्यान दिलं. त्यानं ते अदबीनं ऐकलं आणि कोंबडी घेऊन गेला. एकांताच्या सरावासाठी ते आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून रास अल खैमाच्या डोंगरात नेत. तिथं खुर्ची उघडून आमच्याकडे पाठ करून बसत. दहा मिनिटांत उठत. "यल्ला, पुढची जागा बघू." एका दुपारी आम्ही सहा ठिकाणी खुर्च्या मांडल्या आणि सहा ठिकाणी गुंडाळल्या. माझी मुलगी वैतागून म्हणाली, "काका, बट देअर हू विल यू टॉक टु?"

ताईंची मात्र परवड. हॉलमध्ये खोकी भरून तयार, पण कुठल्या गावी पाठवायची तेच ठरेना. गेल्या जुलैत एकदाची जागा मिळाली. कोकणातली, घाटाच्या पायथ्याची एक वाडी. बहुतेक घरांना कुलपं, चोहीकडे हिरवंगार, विहीर काठोकाठ. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. साडूभाऊ हवेत. तेव्हा ताईंनी एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही तिकडचा मे महिना शेवटचा कधी पाहिलात?"

साडूभाऊंनी तक्ता काढून पाहिला. आमच्याकडे शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टात, त्यामुळे मुलगा लहान होता तेव्हापासून ते पावसातच गावी जात आलेले. नऊ वर्षं प्रत्येक तालुक्यापुढं 'पाणी मुबलक' लिहिलेलं होतं!

म्हणून यंदा मे महिन्यात रजा काढून दोघं त्या वाडीत गेले आणि एका निवृत्त पोस्टमनच्या घरी उतरले. चौथ्या दिवशी फोन आला. "रिजेक्ट! विहीर खडखडीत. आणि माणसं बघ, माणसं! मुंबईहून सगळी कुलपं उघडायला आलीत. समोरच्या घरात एकवीस जण! मॅचेस काय, स्पीकर काय..." मागून कुणीतरी ओरडलं, "काका, चला ना, टॉस खोळंबलाय!" फोन ताईंच्या हातात आला. "यांना अंपायर केलंय," त्या म्हणाल्या. "जेवायलासुद्धा घरी येत नाहीत."

जूनच्या सुरुवातीला साडूभाऊंचा पुन्हा फोन आला. "सगळे गेले रे. सकाळी शेवटची गाडी गेली. मी रस्त्यात हात हलवत उभा, वेड्यासारखा."

"मग आता नवा तालुका?" मी डिवचलं.

"पाण्याची टाकी बांधावी लागेल. रस्ता वाईट आहे. पोस्टमन झोपू देत नाही, बोलत बसतो." मग म्हणाले, "वाडीत अकरा माणसं उरलीत. आम्ही दोघं धरून तेरा. डिसेंबरात येतो म्हणून सांगितलंय त्यांना, इन्शाल्ला."

फोन ठेवून मी कॅलेंडरात डिसेंबर किती लांब आहे ते पाहिलं. हा माणूस एकदाचा कधी जाईल म्हणून नऊ वर्षं वाट पाहिली, आणि आता डिसेंबर इतक्या लवकर कशाला येतो, म्हणून मलाच राग यायला लागलाय.